१९ निवाडे आणि बंद झालेली पांदण

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहणाऱ्या आणि तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचक मुलीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा आशय येथे देत आहे. मृगाच्या तोंडावर शेजारच्या शेतकऱ्याने वाटेवर काटेरी तार ओढल्यामुळे तिच्या घरच्या वावरात जाणे बंद झाले. सोयाबीनच्या सोंगणीनंतर मळणीयंत्र नेता आले नाही आणि आता बंडी जात नसल्याने वेचणीचा कापूस डोक्यावरून आणावा लागत आहे. योगायोगाने महाविद्यालयात अभिरूप न्यायालयासाठी, म्हणजे खटला चालवण्याच्या सरावासाठी, शेतरस्त्याच्या हक्कावरच लेखी युक्तिवाद लिहायचा होता. तिने १९ निवाड्यांचे दाखले देऊन तो सादर केला. काही दाखले तिने मोबाइलवरील चॅटबॉटकडून घेतले होते, तर काही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमधून. सरांनी तो परत केला आणि शेरा लिहिला, की यातील तीन निवाडे कोठेही सापडत नाहीत, एक वऱ्हाडच्या जुन्या महसूल कायद्याखालचा आहे आणि उरलेल्यांपैकी एकालाही परिच्छेद क्रमांक नाही. वडील म्हणतात, "तू वकीलच होणार आहेस, तर तहसीलचा अर्ज तूच लिही." मुलगी विचारते, की सशुल्क डेटाबेस घेण्यासाठी कर्ज काढावे, नागपूरला राहायला जावे, की हे काम इंग्रजी माध्यमातल्या शहरी मुलांचेच आहे असे समजून गप्प बसावे?

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसले, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक परत आलेल्या युक्तिवादाचा आहे आणि दुसरा तुमच्या वडिलांच्या वाटेचा. पहिला प्रश्न महिनाभर थांबला तरी बिघडणार नाही. दुसऱ्याला मात्र मुदत आहे, म्हणून आधी तेवढे सांगते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ हा कायदा तुम्ही "इतका जुना कायदा रद्दच झाला असेल" असे समजून बाजूला ठेवल्याचे लिहिले आहे. तो रद्द झालेला नाही. शेताकडे जाणाऱ्या रस्त्याला किंवा वहिवाटीच्या वाटेला कोणी बेकायदा अडथळा केला, तर तो दूर करण्याचा आणि पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार त्याच्या कलम ५ ने मामलेदाराला, म्हणजे आजच्या तहसीलदाराला, दिलेला आहे. त्याच कलमात अशी अट आहे, की दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे. मृगाच्या तोंडावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, तार ओढली गेली असेल, तर ही मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला संपते. तुम्ही १९ निवाडे गोळा केले, पण ज्या कलमात मुदत लिहिली आहे ते उघडले नाही. हे रागावून सांगत नाही, कारण विधी महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले संशोधनाची सुरुवात अशीच उलट्या टोकाने करतात आणि आम्हीही तशीच केली होती.

आता त्या उलट्या टोकाविषयी. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "वडिलांची वहिवाट आहे, म्हणून महसूल संहितेचे कलम १४३ लागू होते." या वाक्यातल्या "म्हणून"पाशी मी थांबले. त्याच पत्रात तुम्ही त्या वाटेला एकदा पांदण म्हटले आहे, एकदा वहिवाट म्हटले आहे आणि एकदा धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, रस्ता म्हटले आहे. गावात बोलताना हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी सहज येतात. कायद्याला मात्र त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा आहे. गावनकाशावर वाट दाखवलेली असेल, तर तो सार्वजनिक रस्ता आहे. असे रस्ते महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे राज्य शासनाच्या मालकीचे असतात आणि त्यावरील तार हे अतिक्रमण ठरते. नकाशात वाट नाही, पण वर्षानुवर्षे सगळे तेथूनच जात आले असतील आणि आता ती अडवली गेली असेल, तर मघाशी सांगितलेले १९०६ च्या अधिनियमाचे कलम ५ पाहावे लागते. वाट कधी नव्हतीच किंवा ती सिद्ध करता येत नाही, पण वावरात जायला दुसरा मार्ग नाही आणि म्हणून इतरांच्या भूमापन क्रमांकांच्या धुऱ्यांवरून ती मागायची आहे, असे असेल तर कलम १४३ समोर येते. चौथा मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे २० वर्षे उघडपणे, शांततेने आणि हक्क म्हणून अखंड वापर झाला असेल, तर वाटेचा हक्क निर्माण होऊ शकतो. पण तो रस्ता लांबचा आहे आणि या हंगामातला कापूस त्याने घरी येणार नाही.

म्हणजे कोणता कायदा शोधायचा हे ठरण्याआधी वस्तुस्थिती शोधावी लागते, आणि ती नागपूरच्या कोणत्याही ग्रंथालयात नसून तुमच्याच तालुक्यात आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत घ्या आणि तुमच्या गटाकडे जाणारी तुटक दुहेरी रेषा किंवा तुटक एकेरी रेषा दिसते का ते पाहा. पहिली गाडीरस्ता दाखवते आणि दुसरी पायवाट. पटवाऱ्याकडून दोन्ही शेतांचे सातबारे घ्या आणि इतर हक्काच्या रकान्यात काही लिहिले आहे का ते वाचा. आणखी एक कागद आहे, ज्याचा विसर आपल्याकडच्या वकिलांनाही पडतो. विदर्भातील गावांसाठी संहितेच्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज या अभिलेखाची तरतूद आहे आणि त्यात गावातील सिंचनाच्या, वाटेच्या व मासेमारीच्या रूढी नोंदवलेल्या असतात. तुमच्या गावच्या वाजिब-उल-अर्जात त्या वाटेचा उल्लेख निघाला, तर तो एक कागद तुमच्या १९ निवाड्यांपेक्षा अधिक बोलेल. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्याची नक्कल मागता येते.

कायद्याचा मजकूर कसा वाचायचा, हे कलम १४३ वरच दाखवते, कारण तुमच्या युक्तिवादातील सर्वांत मोठी चूक तेथेच झाली आहे. तुम्ही लिहिले आहे, की "तहसीलदाराचा निर्णय अंतिम असतो." पोटकलम (३) मध्ये अंतिम हा शब्द खरोखरच आहे, पण त्याच्या आधी "पोटकलमे (४) व (५) यांच्या अधीनतेने" अशा अर्थाचे शब्द आहेत आणि ते तुम्ही गाळलेत. पोटकलम (४) सांगते, की निर्णयाने नाराज झालेल्या व्यक्तीला एका वर्षाच्या आत दिवाणी दावा दाखल करून तो निर्णय रद्द करून किंवा बदलून मागता येतो. पोटकलम (५) सांगते, की असा दावा दाखल झाला, की त्या निर्णयाविरुद्ध अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही. आता हे तिन्ही एकत्र वाचा आणि पेन्सिल हातात ठेवून स्वतःला विचारा, की दावा दाखल झालेलाच नसेल, तर काय? उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येईल, की पोटकलम (३) मधला "अंतिम" हा शब्द आडवा येईल? कलमाच्या शब्दांत याचे सरळ उत्तर नाही. निवाडे शोधायची वेळ आता, या क्षणी येते. कलमाचे शब्द जेथे थांबतात तेथून पुढचे न्यायालयाने काय म्हटले आहे, एवढेच निवाड्यांना विचारायचे असते. तुमच्या १९ निवाड्यांपैकी एकही या प्रश्नावर नाही, कारण तुम्ही प्रश्न तयार होण्यापूर्वीच उत्तरे गोळा केली होती.

त्याच कलमातले पोटकलम (२) मला फार आवडते. मागणीचा निर्णय करताना शेतकऱ्यांना आपापल्या शेतात जाण्यायेण्यासाठी वाजवी सोय लागते, ही गरज तहसीलदाराने लक्षात घ्यावी, असे ते सांगते. तुमच्या वडिलांची सगळी बाजू या एका ओळीत आली आहे आणि ती तुमच्या युक्तिवादात कोठेच उद्धृत नाही. कायद्याचा दाखला देताना नुसते "कलम १४३" असे लिहू नये, पोटकलमापर्यंत उतरावे आणि कायद्याचे पूर्ण नाव, वर्ष व क्रमांक पहिल्या वेळी तरी लिहावेत: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ (सन १९६६ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक ४१), कलम १४३(२). परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद किंवा अट, असेल तर परंतुक आणि स्पष्टीकरण असेल तर स्पष्टीकरण, असे नेमके बोट ठेवावे. जमिनीचा व्यवहार करताना "आमचे शेत नदीकडे आहे" असे सांगून आपण भागवतो का? गट क्रमांक आणि चतुःसीमा सांगतो, कारण समोरच्याला आपल्याशिवायही त्या जागी जाऊन उभे राहता आले पाहिजे. दाखल्याचे काम तेवढेच आहे, पण ते पुरेपूर झाले पाहिजे.

निवाड्याच्या दाखल्यालाही हेच लागू आहे. केशवानंद भारती विरुद्ध केरळ राज्य, (१९७३) ४ एस.सी.सी. २२५ या ओळीत पक्षकारांची नावे, वर्ष, त्या वर्षाचा खंड, निवाडेसंग्रहाचे संक्षिप्त नाव आणि ज्या पानावर निवाडा सुरू होतो ते पान इतके सगळे भरलेले असते. तोच निवाडा ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१ येथेही आहे, कारण दोन संग्रहांनी तो वेगवेगळा छापला. पण तो १३ न्यायमूर्तींचा निर्णय आहे, सात विरुद्ध सहा असा झालेला आणि त्यात ११ स्वतंत्र निकालपत्रे आहेत. नुसते २२५ हे पान सांगून कोणाचे कोणते मत तुम्ही उचलले हे कसे कळणार? परिच्छेद क्रमांक नाही म्हणून सरांनी लाल रेघ ओढली, ती याचसाठी. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निवाड्यांना स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि त्यात वर्षानंतर आय.एन.एस.सी. ही अक्षरे येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या निवाड्यांवर वर्षानंतर बी.एच.सी.-एन.ए.जी. असे असते. हा क्रमांक कोणत्याही खाजगी प्रकाशनाच्या खंडावर अवलंबून नसतो, त्यामुळे महागडे संग्रह नसलेल्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्याच्या तो विशेष कामाचा आहे.

परिच्छेदाबद्दल माझीच एक फजिती सांगते. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका दिवाणी अपिलात मी सर्वोच्च न्यायालयाचा एक परिच्छेद मोठ्या आत्मविश्वासाने वाचून दाखवला. समोरच्या ज्येष्ठ वकिलांनी शांतपणे ग्रंथालयातून तोच खंड मागवला, चार पाने मागे उलटली आणि न्यायाधीशांना फक्त एवढेच दाखवले, की हा परिच्छेद अल्पमतातील न्यायमूर्तींचा आहे. मी तो एका टिपणातून उतरवला होता, मूळ निवाडा उघडलाच नव्हता. त्या दिवशी न्यायालयात कोणी हसले नाही, आणि तेच अधिक लागले. तेव्हापासून जो परिच्छेद स्वतः मूळात वाचला नाही, तो मी कागदावर लिहीत नाही. हेडनोटही, म्हणजे निवाड्याच्या वर छापलेला सारांशही, उद्धृत करत नाही, कारण ती संपादकाने लिहिलेली असते आणि न्यायालय तिच्या शब्दांना बांधील नसते.

निवाडा वाचताना आधी तो कोणत्या न्यायालयाचा आणि किती न्यायमूर्तींचा आहे हे पाहावे. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्याखाली तुमच्यासाठी मुंबई उच्च न्यायालय येते आणि येथे एक गैरसमज आपल्या भागात फार दिसतो, की नागपूर खंडपीठाचाच निवाडा हवा. मुंबईचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा निवाडाही त्याच उच्च न्यायालयाचा असतो. मद्रास किंवा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निवाडा मात्र मन वळवण्यापुरता वापरता येतो, बंधनकारक म्हणून नाही. मग वस्तुस्थिती काय होती, कोणत्या आदेशाला आव्हान दिले गेले होते आणि न्यायालयाने नेमका कोणता प्रश्न सोडवला, हे तीन-चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहावे. ओरिसा राज्य विरुद्ध सुधांशु शेखर मिश्रा, ए.आय.आर. १९६८ एस.सी. ६४७ या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की निवाडा हा त्यात प्रत्यक्ष निर्णीत झालेल्या मुद्द्यापुरताच आधार असतो. ओघात आलेल्या प्रत्येक विधानाला तो मान नसतो. तुमच्या यादीतील किमान सहा निवाडे शहरातील सोसायट्यांच्या रस्त्यांविषयीचे आहेत, असे तुम्ही दिलेल्या नावांवरून दिसते. त्यांत "वाटेचा हक्क" हे शब्द असतील, पण तो तुमचा प्रश्न नाही.

वऱ्हाडच्या त्या निवाड्याबद्दल सरांनी लिहिले ते बरोबर आहे, आणि या चुकीत शिकण्यासारखे खूप आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तत्पूर्वी आपल्याकडे मध्यप्रदेश जमीन महसूल संहिता, १९५४ लागू होती. त्याही आधी वऱ्हाडच्या जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा आणि तुमच्या यवतमाळात, १९२८ ची वऱ्हाड महसूल संहिता होती, तर नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांद्याकडे १९१७ चा वेगळा मध्यप्रांत कायदा होता. म्हणून जुन्या खंडांत ए.आय.आर.च्या पुढे "नाग." असे लिहिलेला, म्हणजे त्या वेळच्या नागपूर न्यायालयाचा, निवाडा हाती आला, की तो कोणत्या कायद्यावरचा आहे, त्या कायद्याचे आजचे रूप काय आणि दोन्हींचे शब्द सारखे आहेत का, हे तपासल्याशिवाय तो वापरू नये. शब्द सारखे असतील तर त्याचा उपयोग आहे, मात्र ते सारखे आहेत हे तुम्हीच दाखवायचे असते. जाता जाता सांगते, की तो ए.आय.आर. म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर हा संग्रह नागपूरचाच आहे आणि त्याचे खंड १९१४ पासूनचे आहेत. साऱ्या देशातील वकील ज्याचे पान सांगतात तो संग्रह आपल्याकडे छापला जातो, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

उलट बाजूही पाहा. जुना म्हणून १९०६ चा कायदा तुम्ही टाकून दिला तो जिवंत निघाला. तुमच्या युक्तिवादाच्या शेवटी मात्र तार ओढणाऱ्यावर भारतीय दंड संहितेप्रमाणे गुन्हा नोंदवावा असे लिहिले आहे, आणि त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. या जूनमधल्या घटनेला जुन्या संहितेचे कलम लागूच होत नाही. म्हणजे कायद्याचे वय पाहून काही कळत नाही, तो आज अमलात आहे का आणि कोणत्या दुरुस्तीसह आहे, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते. निवाड्याचेही तसेच आहे. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, (१९७९) २ एस.सी.सी. १४३ हा निवाडा देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातील १९७२ च्या बलात्काराच्या आरोपावरचा आहे. ते ठाणे तेव्हा चांदा जिल्ह्यात होते आणि आज गडचिरोलीत आहे. त्या निवाड्याने आरोपी पोलिसांना सोडले, देशभर संताप झाला आणि १९८३ मध्ये संसदेने फौजदारी कायद्यात दुरुस्ती करून पुरावा अधिनियमात कलम ११४अ घातले. कोठडीतील अशा प्रकरणात संमती नव्हती असे पीडितेने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी ती तरतूद होती. निवाडा खंडात आहे तेथेच आहे, त्याच्या पानावर कोणी काट मारलेली नाही, पण त्याच्या पायाखालचा कायदा सरकला. असे सरकणे निवाडा वाचून कळत नाही. त्यासाठी कायद्याचा अद्ययावत मजकूर आणि त्यानंतरचे निवाडे पाहावेच लागतात. शासन निर्णयाबद्दलही एक वाक्य: मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेचा निर्णय तुम्ही कायदा म्हणून उद्धृत केला आहे, पण तो रस्ता बांधण्यासाठी निधी देणारा प्रशासकीय निर्णय आहे. वाटेचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

चॅटबॉटने दिलेल्या तीन नावांबद्दल फार लाज वाटून घेऊ नका, पण हलकेही घेऊ नका. ते यंत्र खंड उघडून पाहत नाही. निवाड्याचे नाव जसे असते तसे दिसणारे शब्द ते जुळवते, आणि म्हणूनच ती नावे इतकी खरी वाटतात. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने माटा विरुद्ध एव्हिएन्का या प्रकरणात अशाच अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला, आणि ते अनुभवी वकील होते. एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा शोधायला इंग्रजी संज्ञा त्याला जरूर विचारा. दाखला मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

आता कर्जाचे. काढू नका. तुमच्या कामाला लागणारे जवळजवळ सगळे फुकट मिळते आणि मोबाइलवर मिळते. केंद्राचे व राज्यांचे कायदे इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर आहेत, राज्याच्या विधी व न्याय विभागाच्या संकेतस्थळावर अनेक अधिनियमांचा मराठी मजकूर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सुरू केलेल्या ई-एस.सी.आर. वर अधिकृत निवाडे विनामूल्य वाचता येतात आणि काहींची मराठी भाषांतरेही तेथे आहेत. उच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहेत आणि इंडियन कानून या संकेतस्थळावर एखादा निवाडा पुढे कोणत्या निवाड्यांत उद्धृत झाला हेही दिसते. ती यादी उघडून त्याला पुढे कोणी चुकीचे ठरवले का, हे पाहायची सवय लावा. सशुल्क डेटाबेसने हे काम लवकर होते, हे खरे आहे. ज्याला रोज दहा प्रकरणे पाहायची आहेत त्याने तो घ्यावा. तुम्हाला एक प्रश्न पाहायचा आहे. छापील खंड हवेच असतील, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा जिल्हा न्यायालयातील वकील संघाच्या ग्रंथालयात एखाद्या ज्येष्ठ वकिलांच्या ओळखीने दुपारभर बसता येते, आणि त्यासाठी नागपूरला बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही. वर्षातून दोनदा एस.टी.ने जाऊन आलात तरी पुरे.

इंग्रजीबद्दल तुम्ही जे लिहिले त्यातील दुःख मला समजते, पण निष्कर्ष पटत नाही. उच्च न्यायालयाचे निवाडे इंग्रजीत असतात, ते वाचावेच लागतील आणि पहिले काही महिने एक निवाडा वाचायला दोन दिवस लागतील. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा आणि प्रत्येक निवाड्याचा सारांश मराठीत लिहा. धुरा, पांदण, वहिवाट यांतील फरक शहरातल्या मुलाला शब्दकोशात पाहावा लागतो. तो तुम्हाला पायाखालून माहीत आहे, फक्त लिहिताना तुम्ही तो विसरलात.

सरांकडे स्वतः जा. कोणती नावे कोठून घेतली हे न विचारता सांगा आणि युक्तिवाद पुन्हा लिहू देण्याची परवानगी मागा. चार निवाडे पुरेत, पण चारही मूळातून वाचलेले, परिच्छेद क्रमांकासह आणि प्रत्येक निवाडा कोणत्या मुद्द्यासाठी आहे हे एका ओळीत सांगणारे असावेत. त्यातला एखादा निवाडा तुमच्या विरुद्ध जाणारा असेल तर तोही द्या आणि तो तुमच्या प्रकरणाला का लागू नाही ते सांगा. तेवढ्यावरून सर ओळखतील.

वडिलांच्या अर्जात निवाडे घालू नका. तुम्ही अजून वकील नाही, त्यामुळे त्यांच्या वतीने तहसीलदारांसमोर वकील म्हणून उभे राहता येणार नाही. पण अर्ज वडिलांच्या नावाने असतो आणि तो लिहायला मदत करणे हा गुन्हा नाही. त्यात गट क्रमांक, वाट कोठून कोठे जाते, किती वर्षांपासून कोण कोण वापरते, तार नेमकी कोठे आहे आणि साक्षीदार कोण, एवढे साध्या मराठीत लिहा आणि नकाशाची प्रत जोडा. मुदतीचा प्रश्न असल्यामुळे दाखल करण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीत एकदा दाखवून घ्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते. वावर आईच्या नावावर असेल तर हे लगेच लागू होईल आणि वडिलांच्या नावावर असेल तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसते का ते तेथेच विचारा. आणि तार कोणत्या तारखेला ओढली गेली, हे वडिलांना आज रात्रीच विचारा. "मृगाच्या तोंडावर" असे अर्जात चालणार नाही. त्या दिवशी बाजार होता का, पेरणीचे बियाणे कोणत्या तारखेच्या पावतीवर आणले, शेजाऱ्याशी पहिली बाचाबाची कोणासमोर झाली, हे आठवत आठवत तारखेपर्यंत या आणि ती वहीत लिहून ठेवा.